बुडालेल्या गाडीची शपथ

४ मे
गाडी पुन्हा बंद. हळ्ळीखेड सोडून हुमनाबादच्या अलीकडेच. मागे कडक भाकरीची खोकी, गुलबर्ग्याच्या खाणावळीचा फोनवर फोन. शेवटी माल टमटममध्ये भरून पाठवला. ह्यांचं ठरलेलं, "सोता गाडी चालवायची हौस कामून?" हौस! भाकरी काय हौसेनं थापते मी? अजून दोनदा माल चुकला तर खाणावळवाला दुसरीकडून घेईल. मग बस म्हणे हातावर हात धरून.

६ मे
वास कसला येतो म्हणून मागच्या सीटखालचं अंथरलेलं उपसलं. खाली गाळ! वाळलेला, चिमटीत धरला की पीठ. आत शिंपल्याचे तुकडे. आपल्याकडे एवढी नदी कुठली? गाडी आली अफजलपूरहून, भीमेकाठून. म्हणजे मागच्या पुरात बुडून निघालेली.
आणि विकणारा कोण, तर थोरल्या जाऊबाईंचा सख्खा भाऊ दत्तूअण्णा. आमच्या देवघरापुढे बेलभंडारा उचलून म्हणाला होता, "ह्या गाडीनं पाणी बघितलं न्हाई." पाण्याचं मी विचारलंच नव्हतं. चोराच्या मनात चांदणं.

७ मे
दत्तूअण्णाला फोन. "ताई, जुनी गाडी म्हशीवानी बघून घ्यायची असती. आता काय?" वर, "सोयरे हाव आपण. कोर्टबिर्ट काढू नका." कोर्टाचं नाव मी काढलं नव्हतं. त्यानेच सुचवलं, बरं झालं.

११ मे
हुमनाबाद, वकीलबाई. ग्राहक न्यायालयात जाता येत नाही म्हणे. अण्णाचा गाड्या विकायचा धंदा नाही, घरची एक विकली, ते तिथं बसत नाही. खोटं सांगून विकली म्हणून दिवाणी दावा, नाहीतर फसवणुकीची पोलिसात तक्रार. आधी नोटीस.
भंडाऱ्याचं भीत भीत सांगितलं. वाटलं, हसतील. म्हणाल्या, "ती शपथ कोर्टात चालत न्हाई. पण शपथ घेताना त्यो काय बोलला, ते चालतं. कुणी ऐकलं?"
मी, हे आणि जाऊबाई.
"तुम्ही दोघं तर गाडी घेणारेच. जाऊबाई बोलतील?"
नोटीस तेवढी काढा, म्हटलं.

२० मे
नोटीस गेली. घरात सुतक पडल्यासारखं. सासूबाई, "सोयऱ्यावर नोटीस? लोक तोंडात शेण घालतील." जाऊबाई बोलत नाहीत. तरी भाकरी थापायला शेजारीच बसल्या, रोजच्यासारख्या. वाईट वाटतंय, फार. पण गाळ मी नाही भरला गाडीत.

१३ जून
उत्तर आलं. अण्णा म्हणतो, शपथ घेतलीच नाही, पाण्याचा विषयच निघाला नाही. चुलीपाशी मोठ्यानं वाचलं. मुद्दाम.
जाऊबाईंचे हात थांबले. "भंडारा उचलला न्हाई म्हणतोय?"
"व्हय अक्का. तसंच लिवलंय."
परातीत पाणी जास्त पडलं.

११ जुलै
जिंकले! जिंकलो!
दाव्याआधी समझोत्यासाठी दोघांना कोर्टातल्या लोकअदालतीत बोलावलं होतं. अण्णा इस्त्रीच्या कपड्यात. साहेब विचारतील त्याला "न्हाई साहेब, न्हाई साहेब." आणि दारात जाऊबाई! बसनं आलेल्या, एकट्या. घरात कुणाला पत्ता नाही.
"साहेब, मी ह्याची बहीण. भंडारा मीच ह्याच्या हातावर ठिवला. पाणी बघितलं न्हाई म्हणला. मी ऐकलंय."
अण्णा, "अक्का, तू?"
"गाडी नदीनं बुडविली. देवाला तू कामून बुडवायलास?"
त्यानंतर फार वेळ लागला नाही. सगळे पैसे परत, गाडी ज्याची त्याला. सह्या झाल्या. हे कोर्टाच्या हुकमासारखंच, आता फिरता येणार नाही, असं साहेबांनी त्याला कन्नडमधून पुन्हा बजावलं. बाहेर येऊन भर चौकात ओरडावंसं वाटत होतं. ओरडले नाही, मिरचीभजी मागवली. जाऊबाईंनी खाल्ली नाहीत.

२ ऑगस्ट
पैसे आले. दुसरी गाडी बघितली, सीटखालून सुरुवात केली. विकणारा घामाघूम! हे म्हणाले, "तूच बघ, तुला कळायलंय." कान तृप्त झाले. गाडी घेतली.

१६ ऑगस्ट
उद्या नागपंचमी. दरवर्षी अण्णा बहिणीला न्यायला येतो. यंदा आला नाही, फोनही नाही. सासूबाई म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे यंदा." जाऊबाई मात्र दुपारपासून लाडू वळतायत, आमचं घर खाऊन उरतील इतके.
न राहवून म्हटलं, "अक्का, मी सोडू अफजलपूरला?"
"त्यानं दार उघडलं न्हाई तर?"
केस माझी होती. माहेर त्यांचं गेलं.
लाडवांचा डबा त्यांनी माझ्याकडे सरकवला. "गाडीत नीट ठिव. फुटतील." मग म्हणाल्या, "माझ्या बापाचं बी दार हाय ते."
पहाटे निघायचं.