कोपरे जरा सॉफ्ट

४ जून
कन्या नोकरीसाठी परदेशी चालली. वीस तारखेला निघणार. त्याआधी तिचा एक खरा फोटो काढायचा. मोबाईलवरचा नव्हे. त्यासाठी लांबचं जवळ आणणारी टेलिफोटो झूम लेन्स हवीच. आठवड्याभरात निर्णय. निर्णयाच्या बाबतीत मी पक्का माणूस.

५ जून
कॅमेऱ्याच्या दुकानात गेलो. मालकाला मी मनातल्या मनात मिशी म्हणतो. मिशीकडे एक जुनी, वापरलेली लेन्स आहे. धातूची, दणकट, कुण्या प्रेस फोटोग्राफरने विकलेली. दुसरी नवी, हलकी. हात थरथरला तरी फोटो हलत नाही म्हणे. म्हणालो, माझा हात थरथरत नाही. मिशीने माझ्या हाताकडे पाहिलं. एसी फार होता.

८ जून
नेटवर वाचलं. जुनी : मधोमध अप्रतिम, कोपरे सॉफ्ट, म्हणजे पुसट. नवी : कोपरे उत्तम, पण कॅरेक्टर नाही. कन्येने विचारलं, फोटो माझा काढायचाय की कोपऱ्यांचा? पोरीला विषयातलं ओ की ठो कळत नाही. आईवर गेलीय.

भिंतीवरचा हिचा फोटो ऑफिसच्या ओळखपत्रावरून मोठा करून घेतलाय. गळ्यातली पट्टीसुद्धा दिसते. ही गेली तेव्हा लोक विचारायचे, घरात फोटोग्राफर असून एक धड फोटो नाही? आता काय सांगणार. तेव्हा योग्य लेन्स नव्हती.

११ जून, सकाळ
निर्णय झाला. नवी.

११ जून, संध्याकाळ
निर्णय मागे. कॅरेक्टर महत्त्वाचं.

१४ जून
कन्या निळा ड्रेस घालून गॅलरीत उभी राहिली. आपणहून. म्हणाली, आहे त्या लेन्सने काढ. उजेड सुरेख होता, हे मान्य. पण कॅमेऱ्याबरोबर फुकट आलेल्या लेन्सने काढून हसं कशाला करून घ्या? तसं तिला समजावलं. बराच वेळ कठड्याला टेकून होती. मग आत जाऊन बॅग भरायला लागली.

१५ जून
दिवसभर काहीच वाटलं नाही. ऑफिस, जेवण, झोप. ही गेल्यापासून असंच चाललंय. लेन्स आली की बरं वाटेल.

१८ जून
मिशी वैतागला. जुनी घरी नेऊन बघा म्हणाला, आणि हातात कोंबली. योजना तयार. टॅक्सीत बसताना कन्या वळून वर बघणार. बघतेच, शाळेपासूनची सवय. तिसऱ्या मजल्यावरून नेमका तो क्षण टिपायचा. बघणाऱ्याने तोंडात बोटं घातली पाहिजेत.

२० जून, सकाळ
टॅक्सी आली. कन्या गॅलरीत येऊन म्हणाली, बाबा, येते. म्हटलं, हो पुढे, मी इथूनच घेतो. बॅग जड होती. मी खाली यावं असं तिच्या मनात असावं. पण मी खाली गेलो तर फोटो कोण काढणार?

टॅक्सीमागे समोरच्या कंपाउंडची विटांची भिंत. लेन्स तपासायला याहून चांगलं काय? विटांवर फोकस केला, एक टेस्ट शॉट घेतला. स्क्रीनवर मोठा करून पाहिला. मधोमध ए-वन. मान वर केली तर टॅक्सी गेलेली.

२० जून, दुपार
फोटो कॉम्प्युटरवर पाहिला. वीट न् वीट स्वच्छ. मग कोपरे तपासले. उजवीकडे खाली टॅक्सीचं उघडं दार, निळा ड्रेस, वर केलेला हात. चेहरा माझ्याकडे. नाक-डोळे ओळखू येत नाहीत.

रडू येईल असं वाटलं. आलं नाही. चहा केला. दोन कप झाला.

२१ जून
लेन्स परत केली. मिशीला म्हटलं, कोपरे फारच सॉफ्ट. त्याने विचारलं, मग नवी देऊ? म्हटलं, विचार करून सांगतो.

२४ जून
कन्येचा मेसेज. नोकरीचा पहिला दिवस छान गेला. विचारलंय, माझा फोटो कसा आला? लिहिलं, लेन्समध्ये दोष होता.

मग तिनेच एक पाठवला. नव्या ओळखपत्राचा. गळ्यातली पट्टीसुद्धा दिसते. मोबाईलवर काढलाय, पण कोपरे शार्प आहेत. मोठा करून घेईन.