फुली मारलेलं दार

मामा,

पायांवर डोकं ठेवतो. (गुडघे दुखतात हे माहीत आहे, म्हणून हळूच ठेवतो.) तुमची तब्येत, मामीचा खोकला आणि नव्या घराचं प्लास्टर, तिन्ही ठीक असतील अशी आशा करतो. तुम्ही आईला फोनवर म्हणालात म्हणे, की पोराने पाठवलेलं दार देखणं आहे पण मेलं उघडत नाही, सुताराकडून रंधा मारून घेतो. मामा, हात जोडतो, सुताराला त्या दाराजवळ फिरकू देऊ नका. कारण लांबलचक आहे. बसून वाचा.

मी कॉलेज का सोडलं, हे तुम्ही अजून नीट ऐकून घेतलेलं नाही. (तेव्हा तुम्ही ओरडत होतात.) बांधकाम शिकवणाऱ्या सरांना मी भर वर्गात एवढंच विचारलं, की ही इमारत पुढे कधी उतरवायची झाली तर कशी उतरवायची? ते म्हणाले, ते अभ्यासक्रमात नाही. मग मीही अभ्यासक्रमात राहिलो नाही. डोकं तापलं होतं हे खरं, पण थंड डोक्याने विचारला तरी प्रश्न तोच राहतो. सिमेंटमध्ये आपण वीट अशी चिणतो, की पाडताना वीट फुटते पण सांधा सुटत नाही. चुन्यातली जुनी भिंत मात्र समजूत घातल्यासारखी सुटते, अख्खी वीट हातात येते. आणि त्या अख्ख्या विटेचं आपण काय करतो? तीही फोडतो, तळ्यात भराव म्हणून ढकलतो, आणि नव्या विटांसाठी दुसरीकडे चांगली काळी जमीन खणतो. आता नगरपालिकेने नियम केला, की सामान वाचवल्याशिवाय पाडायचं नाही आणि नव्या घरात थोडं तरी जुनं लावल्याशिवाय परवानगी नाही. या नियमाला तुम्ही काय काय म्हणालात ते मी आईला सांगितलेलं नाही. पण त्याच्यामुळेच तुम्हाला जुनं सागवानी दार शोधावं लागलं, आणि त्याच्यामुळेच मला जुन्या सामानाच्या वखारीत नोकरी आहे.

वखारीचा कायदा एकच. जे काढायचं त्यावर आदल्या दिवशी खडूने फुली मारायची. सकाळी जिथे फुली असेल ते निघणार. त्यावर वाद नाही. माणसं ऐन वेळी हळवी होतात, खिडकीला मिठी मारून बसतात, म्हणून हा कायदा.

तर एका बैठ्या घराची मागची खोली उतरवायची होती. घरात दोघंच. शिवणकाम करून करून डोळे गेलेले शिंपीकाका आणि दवाखान्यात परिचारिका असलेली त्यांची मुलगी. मी खोलीभर फुल्या मारून निघालो, तर ती पुढच्या दाराला टेकून उभी. विचारते, "या विटा खरंच पुन्हा कुणाच्या घरात जातात?" मामा, हा प्रश्न मला तोवर कुणीही विचारला नव्हता. मी उत्तर दिलं. (मध्ये दूध उतू जातंय म्हणून ती आत जाऊन, ओटा पुसून परत आली, तरी उत्तर चालूच होतं.) बोलताना माझा उजवा हात दारावर काय करत होता, याकडे माझं लक्ष नव्हतं.

सकाळी माणसं घेऊन गेलो. पुढच्या दारावर फुली. ती म्हणाली, "अहो, हे नाही काढायचं!" माझं टाळकंच सरकलं. मी हिला सगळ्यांपेक्षा वेगळी समजलो होतो, आणि हीही ऐन वेळी हळवी झाली! मी तिला वखारीचा कायदा ऐकवला, तळं ऐकवलं, काळी जमीन ऐकवली, पुढच्या पिढ्या ऐकवल्या. शेवटी काकाच म्हणाले, "काढू दे गं. एवढा जीव तोडून बोलतोय, म्हणजे त्याचं बरोबर असेल." दार चौकटीसकट निघालं आणि दुपारी तुमच्याकडे पोचलंसुद्धा. संध्याकाळी वखारीच्या मालकांना मी हा किस्सा तावातावाने सांगत होतो. मालक माझ्याकडे बघतच नव्हते, माझ्या हाताकडे बघत होते. त्यांच्या टेबलावर मी खडूने फुल्या मारत होतो.

त्या घराला मी वखारीतलं दुसरं दार बसवून दिलं. चांगलं आहे, पण ते उलट्या बाजूने उघडतं. काका चाचपत डावीकडे हात नेतात, तिथे कडी नसते. पाऊल पुढे पडलेलं असतं आणि कपाळ आपटतं. "सवय जात नाही रे," असं उलट मलाच समजावतात. त्यांनी चार शिव्या घातल्या असत्या तर मला जेवण गेलं असतं. मी रोज काहीतरी निमित्त काढून तिथे जातो. ती माझ्याशी दाराशिवाय एक शब्द बोलत नाही. पण दाराबद्दल बोलते, मामा. खूप बोलते. उंबऱ्यात उभी राहून भांडते, आणि मी ऐकत राहतो.

मामीला नमस्कार. तिला म्हणावं, खोकल्याचं औषध अर्ध्यात सोडू नकोस. (अर्ध्यात सोडण्यावर मी बोलणं शोभत नाही, तरी.)

तुमचा भाचा,
तुम्ही ज्याला भडका म्हणता तो

ता. क. दार परत द्या. बदली दार पाठवतो आहे. तेही जुनंच, सागवानीच, त्यामुळे तुमच्या परवानगीला धक्का नाही. शिवाय ते उघडतं.

ता. क. दुसरा. हे पत्र पोस्टाने आलेलं नाही, हे लक्षात आलंच असेल. देणारी मुलगी ती, आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून आलेले ते काका. तुम्ही तापणार हे मला ठाऊक आहे (हा स्वभाव मला कुणाकडून आला?), म्हणून एवढंच करा. आतली कडी काढून दार नुसतं लोटून घ्या, आणि काकांना बाहेरून हात लावू द्या. तुमच्याने जे उघडत नाही, ते त्यांच्या हाताने कसं उघडतं ते बघा. मग सुताराला बोलवायचं की नाही ते ठरवा. मी टेम्पो घेऊन कोपऱ्यावर उभा आहे.

ता. क. तिसरा. (हा तिला दाखवू नका, म्हणूनच पाकीट डिंकाने चिकटवलंय.) दार परत गेलं की तिला माझ्याशी बोलायला कारण उरणार नाही. तरी द्या. फक्त खालची बिजागरी सापडत नाही म्हणून सांगा. दार वरच्या दोनवर नीट चालतं, काकांना त्रास होणार नाही. ती बिजागरी मला सावकाश, पुढच्या महिन्यात सापडू दे.