मेबलची आंघोळ

वॉरिक, क्वीन्सलँड
नोव्हेंबर

प्रिय ब्रॉनी,

तुझ्या आईच्या अजगराने, मेबलने, अंडी घातली. आई गेल्यानंतरची ही पहिलीच खेप, आणि काय करावं मला कळेना. आई दरवर्षी काय करायची ते तू पाहिलंयस. अजगराचं वेटोळं हलक्या हाताने सोडवायची, अंडी जुन्या फ्रिजपासून बनवलेल्या उबवणपेटीत ठेवायची, आणि मग मेबलला साबणाच्या पाण्याने धुऊन काढायची. अंड्यांचा वास अंगावर राहिला तर ती रिकाम्या जागेलाच वेटोळं घालून बसते, काही खात नाही. मीही टॉवेल घेऊन तिचा पिंजरा उघडला. तिने डोकं उचलून नुसतं पाहिलं. मी टॉवेल खाली ठेवला. का, ते विचारू नकोस.

मग गार वारा सुटला आणि ती थरथरायला लागली. सगळं अंग, उचकी लागल्यासारखं. मला वाटलं, संपलं, आईचं जनावर मी मारलं. आईच्या साप पाळणाऱ्या मंडळातल्या अ‍ॅथलला बोलावलं. त्याने पाहिलं आणि हसायलाच लागला. "अरे येड्या, आजारी कसली! अंग हलवून ऊब करतेय पोरांना." मग टोपी काढून म्हणाला, "पण काढ बाबा ती अंडी. पिल्लं बाहेर येईपर्यंत घास घेणार नाही, वाळून काठी होईल. तुझी ग्लेनिस असती तर तुझ्या टाळक्यात बादली घातली असती." मी म्हटलं, "असती तर घातलीच असती."

त्याचं खरं आहे. मेबल रोडावलीय. एक अंडं पिवळं पडल्यासारखं दिसतं. रोज सकाळी ठरवतो, आज काढायचीच. बादली भरतो, साबण घेतो, आणि पाणी झाडांना ओतून येतो. ती मात्र दिव्याखाली जाऊन अंग शेकते आणि तापलेली परत अंड्यांवर बसते. मी तिचं भलं करतोय की हाल, खरंच समजत नाही.

शनिवारी तू येणार. फोनवर म्हणालीस, "बाबा, आईचे कपडे एकदाचे धुऊन देऊन टाकू, म्हणजे तुझ्या घशाखाली चार घास तरी उतरतील." तुझंही खरं असेल. ये, पिशव्याही आण. फक्त दारामागच्या खुंटीवरचा तिचा निळा स्वेटर धुऊ नकोस. एवढ्याचसाठी लिहायला बसलो. फोनवर मला बोलता आलं नसतं.

तुझाच,
बाबा