नवाबांच्या बंगल्यातले सहा माड

प्रिय अप्पा,

तुम्ही गेलात त्यालाही आता दोन वर्षं होतील. आणि पत्र आज लिहितोय, कारण काल नवाबांच्या बंगल्यावर माझ्यामुळे तुमच्या नावाला बट्टा लागायची वेळ आली होती. आईला सांगितलं तर ती आधी रागावेल, मग हसेल, आणि संध्याकाळपर्यंत अख्ख्या आळीला कळेल. म्हणून तुम्हालाच सांगतो.

मला राजवाडे बघायचा नाद, हे तुम्हाला माहीतच आहे. न्हावा शेव्याची नोकरी सहा महिन्यांत सोडली, तेव्हा तुम्ही चार दिवस माझ्याशी बोलला नव्हतात. पण त्यानंतर मी म्हैसूर पाहिलं, कोल्हापूर पाहिलं, सावंतवाडी पाहिली. सगळीकडे तेच. तिकीट काढायचं, दोरीच्या अलीकडून सिंहासन बघायचं, की पुढे चला! आणि आपल्या मुरुडचं काय? लहानपणी शंभरदा विचारलं असेल, "अप्पा, नवाबांच्या घरात काय असतं?" तुम्ही म्हणायचात, "नारळ." तीस वर्षं त्या घराण्याच्या वाडीतले नारळ पाडलेत, आणि पोराला सांगायला एवढंच? राग यायचा हो मला!

तर या वेळी ठरवलं, आपल्याकडचे वाडे बघूनच घरी जायचं. दिघीहून फेरीत बसलो. शेजारच्या माणसाच्या बोकडानं माझ्या पिशवीचा पट्टा खाल्ला, त्यावरून आमचं भांडण, मग दोघांनी मिळून चहा... असो. आधी जंजिऱ्यात गेलो. तिथल्या वाड्याच्या नुसत्या भिंती उभ्या, खिडकीतून आभाळ दिसतं. मग टेकडीवरचा मोठा राजवाडा, तो रस्त्यावरूनच. शेवटी घराण्याचा वाडीतला जुना बंगला. तुमचा म्हणू का?

फाटकाशी रेंगाळत होतो, तर आतून आवाज आला, "बंद हाय, दिसत न्हाय?"

बंगला सांभाळणारी जमीलाखाला. मालकमंडळी थंडीत चार दिवस येतात, एरवी तिथं ही आणि तिची सून, दोघीच. मी तुमचं नाव सांगितलं. ती चष्मा पुसून बघत राहिली.

"पांडूचा पोर? तो भटक्या?"

माझी कीर्ती तिथवर पोचली होती तर!

मग तिनं बंगल्याभोवतीचे सहाही माड दाखवले. तुमच्यामागे तिनं कुणालाच वर चढू दिलं नव्हतं. नारळ सुकून आपले आपण पडत होते, दोनदा कौलं फुटली होती. "तू चढशील?" असं विचारत ती आतून तुमचा कोयता घेऊन आली. फडक्यात गुंडाळलेला, तेल लावलेला. अप्पा, एवढा जपलेला मी तो तुमच्या हातातही पाहिला नव्हता.

कोयता कमरेला खोवला, पायात दोरीचा फास अडकवला आणि चढलो. तुम्ही शिकवलेलं पाय विसरले नव्हते. वर पोचलो, नारळ पाडले आणि मग पाहिलं! रंगीत काचांच्या खिडक्या, लाकडी जाळीचा सज्जा, आत पांढऱ्या कापडात बांधलेलं झुंबर. आणखी दिसावं म्हणून मान लांब केली, तर खाली मागचं अंगण. तिथं खालाची सून नुकतीच न्हाऊन, केस मोकळे सोडून उन्हात बसलेली. तिनं वर पाहिलं, किंचाळली आणि आत पळाली.

"उतर! आधी खाली उतर!" खाला ओरडली.

उतरलो. पोटऱ्या सोलवटल्या, पण ते जाऊ दे.

"तुझा बाप तीन हाका दिल्याबिगर माडाला पाय लावत नव्हता. बाया आत गेल्या, मागच्या दाराची कडी वाजली की मग चढायचा. म्हनून मालकीन बेगमसाहेबांनी दुसऱ्या कुनाला वाडीत घेतला न्हाय. आनि तू त्याचा पोर?"

खरं तेच सांगितलं, "खाला, मला वाटायचं ते डोक्यात नारळ पडू नये म्हणून ओरडतात."

तेवढ्यात दाराआडून सूनबाईचा आवाज, "अम्मा, येडा हाय तो, लबाड न्हाय. आनि उरलेल्या पाच माडांचे नारळ काय वारा पाडनार?"

अप्पा, गाठ मारायला शिकवलंत, खोडाला मिठी कशी मारायची ते शिकवलंत. हाक कशासाठी, हे का नाही सांगितलंत? की सांगितलं होतंत आणि माझंच लक्ष खारींकडे होतं?

दुसऱ्या माडाखाली उभा राहिलो. "माडावर चढतोय होऽऽ!" पहिली हाक हळूच दिली. आतून लगेच, "ऐकू न्हाय आला!" दुसरी हाक. तिसरी. मग कडी वाजली. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! राहिलेल्या पाचही माडांचे नारळ मी समुद्राकडे तोंड करून उतरवले. भरती लागली होती, होड्या परतत होत्या. तुम्ही तीस वर्षं हेच बघत होतात ना? मजा होती तुमची!

नंतर खालानं स्वतःहून आत बोलावलं. सूनबाईनं डोक्यावर ओढणी घेऊन शेवयांची वाटी पुढे केली, आणि हसली. दिवाणखान्यात जुन्या तसबिरी, आणि त्यांच्याखाली औषधाच्या दुकानाचं कॅलेंडर. दोरी कुठेच नाही. लोक राहतात हो तिथं!

"आता परत कवा?" खालानं विचारलं.

हा प्रश्न मला आवडत नाही. तुम्ही फोनवर शेवटचं हेच विचारलं होतंत, आणि मी म्हटलं होतं, "बघू." मग आलो तेव्हा अंगणात माणसं जमलेली होती.

काल मी "बघू" म्हटलं नाही. कॅलेंडरची दोन पानं उलटली आणि एका शुक्रवारवर बोट ठेवलं. "दुपारी नमाज असते," खाला म्हणाली. मग बोट शनिवारवर सरकवलं. तिनं त्याच्याभोवती पेनानं गोल केला.

अप्पा, त्या शनिवारी मी कुठेही असलो तरी येईन. शुक्रवारी रात्री आईच्या हातचं जेवेन, आणि सकाळी ऊन चढायच्या आत तिथं हजर असेन.

तुमचा,
दिन्या