दोनदा सोडलेली माया

कॉव्हेंट्री,
११ ऑक्टोबर २००९

प्रिय रोली,

बरा आहेस ना? आम्ही ठीक. बाबांना मार्चमध्ये शहाऐंशी पूर्ण झाली. गुडघे गेलेत, डोळे निम्मे गेलेत, जीभ मात्र जागच्या जागी आहे. परवा नर्स म्हणाली, "मिस्टर हॅडली, आज छान दिसताय हं," तर म्हणाले, "चष्मा बदल, पोरी." तुझं नाताळचं कार्ड दरवर्षी पोचतं. आत नुसतं 'रोलंड' एवढंच असतं, तरी ईस्टरपर्यंत ते शेकोटीवरच्या फळीवर उभं असतं. मला हलवू देत नाहीत.

यंदा घेवडा इतका आला की शेजारच्या बायका मला टोपली घेऊन येताना पाहिलं की दार लावून घेतात.

वर्कशॉप चालू आहे. अजून तेच काम, त्या जुन्या दोन सीटच्या गाड्यांच्या दारांना आतून लागणाऱ्या फायबरबोर्डच्या पाट्या. दुसरीकडे कुठे मिळत नाहीत, म्हणून लोक आपल्याकडे येतात. कारखाना बंद पडून जमाना झाला, पण त्या गाड्यांपायी वेडी झालेली माणसं काही कमी होत नाहीत. परवा एकाने पाटीच्या मागच्या बाजूचा रंग जुळत नाही म्हणून तक्रार केली. अरे बाबा, मागची बाजू बघतंय कोण!

बघ, कशी इकडचं तिकडचं लिहीत बसलेय. मुद्द्यावर यायचा धीर होत नाही, दुसरं काय.

गेल्या मंगळवारी हॉलंडहून एका गृहस्थाचं पार्सल आलं. त्यात दाराची डावी पाटी होती, कारखान्यातून निघाली तशी, गाडीला कधी लागलेलीच नाही. त्याला तिच्या जोडीची उजवी हवी होती. मी पाटी आखायचा फर्मा शोधायला लागले, तर मोठ्या बाकामागून एक धुळीने भरलेला फर्मा निघाला. एक्क्याण्णव सालचा, त्या गाड्यांच्या मालकांच्या क्लबच्या ऑर्डरचा. बाबांनी रागाने भिरकावलेला. मी तो लपवणार होते, खरं सांगते. पण बाबा तेवढ्यात चहाला म्हणून आत आले आणि त्यांनी तो माझ्या हातातून घेतला. उलटा करून त्या कोऱ्या पाटीवर ठेवला आणि कडेकडेने अंगठा फिरवत गेले. सगळीकडून. अगदी सावकाश.

"बरोब्बर बसतोय," ते म्हणाले. "याला माया सोडलेली आहे, ग्लेन. पण मागे नाव नाही कुणाचं."

आपल्याकडचा नियम तुला काय सांगायचा! जुन्या पाटीची कड ओल खाऊन झडते, म्हणून तिच्यावरून फर्मा काढताना चारी बाजूंनी एक सूत जास्तीची जागा, म्हणजे माया, सोडायची. ज्याने सोडली त्याने मागे नाव लिहायचं. नाव नसेल तर कापणाऱ्याने सोडायची.

तो फर्मा मी काढला होता, रोली. तोवर मी शिलाई मशीनवर पाट्यांची कव्हरंच शिवत होते. बाबांनी पहिल्यांदा पेन्सिल माझ्या हातात दिली, आणि मला इतका आनंद झाला की माया सोडली, कड घासली, दहादा लांबून बघितलं आणि नाव लिहायचं विसरले. तू फर्मा उलटून पाहिलास, नाव नव्हतं, म्हणून तू पुन्हा एक सूत सोडलंस. नियमाप्रमाणे. चाळीस पाट्या, सगळ्या चारी बाजूंनी एक सूत मोठ्या. एकाही गाडीचं दार लागेना. क्लबची माणसं अंगणात उभी, आणि त्यांच्या देखत बाबा तुला नाही नाही ते बोलले. तू एवढंच म्हणालास, "मी एकच सूत सोडलंय, बाबा." मग ते माझ्याकडे वळले. "ग्लेन, तू सोडली होतीस का?"

मी नाही म्हटलं.

वाटलं, तू त्यांचा लाडका. संध्याकाळपर्यंत राग उतरेल, दोघं मिळून बिअर प्यायला जाल. माझी पेन्सिल मात्र गेली असती ती कायमची. रविवारी तू बॅग घेऊन निघालास. पुढच्या आठवड्यात लिहीन म्हटलं, मग नाताळ झाल्यावर लिहीन म्हटलं, आणि अठरा वर्षं गेली. मी नाही म्हटलं तेव्हा तू माझ्याकडे ज्या नजरेने बघितलंस, ती मला अजून कळलेली नाही. तुला माहीत होतं का रे?

तुझी फार आठवण येते. बोर्डाची अख्खी आठ फुटी शीट उचलताना अजून तोंडातून निघतं, "रोली, धर तिकडून." मग एकटीच ओढत नेते, आणि कोपरे मोडतात.

मंगळवारीच बाबांना सगळं सांगितलं. त्यांनी फर्मा उलटून मागची कोरी बाजू चाचपली. मग म्हणाले, "तो खरं बोलत होता. आणि मी त्याला आंधळा म्हटलं." मला एका शब्दाने बोलले नाहीत. शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. दुसऱ्या दिवसापासून एकच विचारतात, "तिकडे तस्मानियात आत्ता किती वाजले असतील?" दिवसातून चारदा. मी सांगते. ते मान हलवतात. मग म्हणतात, "जेवत असेल," किंवा "झोपला असेल, राहू दे." जणू तुझा नंबर आमच्याकडे आहे आणि फक्त वेळ चुकीची आहे.

आमचा नंबर पाकिटाच्या मागे लिहिलाय. त्यांना सकाळी नऊच्या सुमाराला चांगलं ऐकू येतं, तेव्हा तुमच्याकडे संध्याकाळ असेल. फोन मीच उचलेन, कारण त्यांना खुर्चीतून उठायला वेळ लागतो. माझ्याशी बोलायची सक्ती नाही. तू गप्प राहिलास तरी मी ओळखेन. त्यांच्या हातात फोन देईन आणि मागे अंगणात जाईन, तुमचं होईपर्यंत आत येणार नाही. पण रोली, फार दिवस लावू नकोस.

तुझी थोरली बहीण
(हे खोडावंसं वाटलं तर खोड, माझी तक्रार नाही),
ग्लेनिस