लाभ, दोन, तीन

बुकित तिमाह, सिंगापूर
शनिवार सकाळ

प्रिय प्रबोध,

पत्र पाहून दचकू नकोस. फोनवर मी 'सगळं मजेत' म्हणून मोकळा होतो, म्हणून आज कागद घेतलाय.

आधी पाठीची बातमी. गेले चार महिने क्लबात सांगतोय, पाठ धरलीय, खेळता येत नाही. अभय दर शनिवारी मेसेज टाकतो, म्हातारा झालास का म्हणून. एकाहत्तराव्या वर्षी माणूस दुसरं काय होणार! चार वर्षांपूर्वी इथे क्लेमेंटीला राहत असताना तूही असंच पाठीचं नाव सांगून गोल्फ सोडलास, आठवतं? मी 'साठीपुढच्या गोल्फरांसाठी पाठीचे व्यायाम' असा कागद छापून तुझ्या दारात हजर झालो होतो. तू दार अर्धंच उघडलंस, कागद घेतलास आणि मला वाटेला लावलंस. चहासुद्धा विचारला नाहीस. मी महिनाभर फुगून बसलो. प्रबोध बायकोच्या पदराआड लपतोय, असं क्लबभर सांगत सुटलो.

त्याच कागदाची एक प्रत माझ्या कपाटात निघाली. रोज सकाळी हॉलमध्ये सतरंजी अंथरतो. मांजरासारखी पाठ वर काढायची, मग उताणं पडून दोन्ही गुडघे एका बाजूला टाकायचे आणि दहा मोजेपर्यंत तसंच राहायचं. मोजायचं काम अरुणाचं. तिच्या माहेरी धान्य मोजताना पहिल्या मापाला 'एक' म्हणत नसत, 'लाभ' म्हणत. लग्न होऊन आल्यापासून ती सगळं तसंच मोजते, पोळ्या, कपडे, लिफ्टचे मजलेसुद्धा. लाभ, दोन, तीन. तिला घेऊन कोर्सवर गेलो की माझा पहिला फटका तळ्यात गेला तरी तो लाभच. तू किती हसायचास.

गेल्या महिन्यापासून ती सहा-सातवर थांबते आणि पुन्हा लाभपासून सुरू करते. मी गुडघे तसेच धरून पडून राहतो. मध्येच उठलो तर चुकलं हे तिला कळेल, आणि मग तिचा चेहरा मला बघवत नाही. हळूच पुढचा आकडा पुटपुटतो. कधी ती तो उचलते, कधी चिडते. ऋता बुओना व्हिस्टाहून दर रविवारी येते, आईच्या सगळ्या तपासण्या तिनेच करवल्या. डॉक्टर भला माणूस आहे. गोळ्यांनी विसरण्याचा वेग थोडा कमी होईल म्हणाला, थांबेल असं म्हणाला नाही. ऋता इथल्या लोकांसारखं शेवटी 'लाह' लावून मला बजावते, 'बाबा, डोन्ट करेक्ट हर लाह.' मग करू काय, ते कोणी सांगत नाही. बँकेत जन्मभर लोकांना मार्ग काढून दिले, इथे मला काही म्हणजे काही सुचत नाही.

खरं सांगतो प्रबोध, माझ्या पाठीला काहीही झालेलं नाही. अरुणाला एकटं सोडवत नाही आणि हे चारचौघांत सांगायला जीभ रेटत नाही, म्हणून पाठ पुढे केली. व्यायाम करतो ते ती मोजते म्हणून. काल ती 'लाभ' म्हणाली आणि पुढे गप्प झाली. चाळीस वर्षं मला 'अहो' म्हणणारी बाई सतरंजीवर पडलेल्या माझ्याकडे बघून अदबीनं म्हणाली, आपण कोणाकडे आलात? तेव्हा मला तुझं ते अर्धवट दार आठवलं. आतून सुलेखावहिनी विचारत होत्या, 'कोण आहेत हे गृहस्थ?' दहा वर्षं त्यांच्या हातचं जेवलेला मी, मला ती थट्टा वाटली. तुझीही पाठ ठणठणीत होती, नाही का? मला माफ कर. वहिनी गेल्यावर पुण्याला तुझ्याकडे येऊन दोन दिवस राहिलो, तेव्हाही काही विचारायचं सुचलं नाही, ते आज विचारतो. सतरंजी अंथरलेली आहे, अरुणा खुर्चीत येऊन बसली आहे, आणि मला आडवं व्हायचा धीर होत नाही. वहिनींनी तुला पहिल्यांदा ओळखलं नाही, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी उठून तू काय केलंस?

तुझाच,
निशिकांत