आलं का चित्र?

प्रिय काडी,

चार गल्ल्यांवर राहणारी मैत्रीण पत्र कशाला लिहिते, फोन काय मेलाय का, असं म्हणशील. फोन आहे गं, पण आमचे हे समोरच खुर्चीत डुलकी घेतायत आणि हल्ली यांचे कान भलते तिखट झालेत. आत चमचा पडला तर कुठला पडला तेसुद्धा बाहेरून सांगतात. तुझ्यासमोर येऊन बोलायला गेले तर मी रडेन आणि भलतंच काहीतरी सांगून परत येईन. अक्षर वेडंवाकडं आलं तर समजून घे.

झालं असं की टीव्हीची नवी छत्री आणली. जुनी वाऱ्याने वाकली होती. बसवणारा माणूस बुधवारशिवाय येणार नव्हता, आणि यांना कुठला धीर! जुनी मीच बसवली होती, हिला काय झालं, असं म्हणत आज सकाळी हे पाना आणि तारेचं भेंडोळं घेऊन शिडी चढले. आमच्या गच्चीला कठडा नाही, तुला ठाऊक आहे. मी म्हटलं, अहो, साठीला आलात, शाळेची बस चालवता, पाय मोडून घ्यायचाय का? तर म्हणे, तू फक्त टीव्हीसमोर उभी राहा आणि चित्र आलं की ओरड. आवाज बंद ठेव, नाहीतर मी काय विचारतो ते तुला कळायचं नाही.

मग सुरू झाला आमचा तमाशा. वरून आलं का, खालून नाही. आता आलं का, नाही हो. पाऊण तास! शेजारीण दोनदा डोकावून हसून गेली. मलाही हसू येत होतं, खोटं कशाला सांगू. उभं राहून पाय अवघडले म्हणून मी अंगणात जाऊन वर बघितलं. यांच्या हातातून पाना पडला होता. पडला तो अगदी पायाशी, पण हे वाकून भलतीकडेच चाचपत होते. चाचपत चाचपत मागे सरकले आणि एक टाच गच्चीच्या बाहेर. मी हाक मारली असती तर दचकून खालीच आले असते. तशीच आत पळाले आणि खिडकीतून ओरडले, आलं, आलं, एकदम स्वच्छ आलं, उतरा आता! धडधडीत खोटं. पडद्यावर नुसता निळा रंग होता आणि मधोमध बोटभर उंचीची अक्षरं, सिग्नल नाही.

म्हटलं, खाली येऊन चार शब्द सुनावतील, सुनावू देत. खाली आले, हात पुसले, खुर्ची ओढून अगदी पुढ्यात बसले. चांगलं मिनिटभर बघितलं. आणि म्हणाले, वा, काय स्वच्छ आलंय! जरा आवाज वाढव, ती बाई काय सांगतेय ते ऐकू दे.

काडे, पडद्यावर बाई नव्हती गं. काहीच नव्हतं. रिमोटचे सेल संपलेत असं काहीतरी मी पुटपुटले, तर बरं म्हणाले आणि त्या निळ्या पडद्याकडे बघत हसत बसले. किती खूश होते! मला तिथे उभं राहवेना.

आता एकेक आठवतंय आणि स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटतेय. सहा महिने झाले, पेपर मीच वाचून दाखवते. तुझ्या तोंडून बातम्या बऱ्या वाटतात म्हणाले, आणि मी वेडी लाजले! गेल्या महिन्यात बसचा आरसा फाटकाला घासला, तर फाटकच वाकडं आहे म्हणाले, आणि मीही चार बायकांत फाटकालाच नावं ठेवली. परवा एक थांबा चुकला, मुलांनी आरडाओरडा केला, ते घरी येऊन गंमत म्हणून सांगितलं. दरवर्षीच्या डोळे तपासणीला ती पाटी पाठ आहे म्हणायचे, मला तो विनोद वाटायचा. परवाच्या त्या थांब्यावर एखादं पोर बसच्या पुढून पळालं असतं तर? आज दुपारी मी धीर करून विचारलं, डोळे दाखवून येऊ या का? एवढे चिडले की ताट सारून उठले. म्हणाले, यापुढे हा विषय काढायचा नाही.

शाळेचं ऑफिस तुझ्या हातात, तुझ्याच शब्दावर त्यांना बसवर घेतलं, त्याला एकोणीस वर्षं झाली. पावलांच्या आवाजावरून कुठलं पोर चढलं ते सांगतात. सुट्टी लागली की घरात नुसते येरझाऱ्या घालतात. बस गेली तर हा माणूस खचेल, याची मला भीती वाटते. नाही गेली तर काय होईल, त्याची त्याहून जास्त वाटते.

उद्या रविवार. भाजी आणायला निघेन आणि हे पत्र तुझ्या दारातल्या पेटीत टाकेन. सोमवारी साडेसहाच्या आत शाळेत जा आणि ऑफिसातल्या खिळ्यावरची बसची किल्ली काढून घे. डोळे ठणठणीत आहेत म्हणतील, हातापाया पडतील, तुझ्या शब्दाची आठवण करून देतील, तरी देऊ नकोस. कुणी सांगितलं असं विचारतीलच. दुसऱ्या ड्रायव्हरवर आळ नको, माझं नाव सांग, बायकोने लिहून कळवलं म्हण. आणि त्यांना एकट्याला घरी पाठवू नकोस. रस्ता ओलांडायचा असतो. मला निरोप दे, मी येईन न्यायला.

तुझीच,
टकळी